पिंजऱ्यांचं झाड उतरवता येत नाही त्याची हकिगत

लॉर्ड हाव बेट,
सोळा जानेवारी

ती. मर्नाताईस,

धाकट्या डेस्मंडचा वाकून नमस्कार. (गुडघ्याचं ऑपरेशन तुझं झालंय, तेव्हा सध्या वाकायचं मलाच.) सिडनीच्या इस्पितळातल्या जेवणाला अजून शिव्या घालतेस ना? मग प्रकृती सुधारतेय असं समजतो. तुझ्या कोंबड्या मजेत आहेत. माझं मात्र काही विचारू नकोस.

झालं काय, बेटावर झाड तोडायला बंदी, म्हणून यंदा सभागृहापुढं नाताळचं झाड मी शेवंडी पकडायच्या पिंजऱ्यांचं रचलं. माझे होते नव्हते ते बावीस पिंजरे एकावर एक चढवले, वाऱ्यानं कलंडू नयेत म्हणून खालच्यांत माती भरली, वर हिरवा पाला खोवला. गावानं तोंडभरून कौतुक केलं (शेजारचा रॉस सोडून. तो म्हणाला, "डेस, हे झाड आहे की तुझ्या आळसाचा ढीग?"). नाताळ उरकल्यावर पिंजरे सोडवायला गेलो, तर मधल्या पिंजऱ्यात वीतभर लांब, काळाकुळकुळीत काडीकिडा! गावातले हे किडे उंदरांनी शंभर वर्षांपूर्वी संपवलेले. मी ओरडलो, तिथंच चुकलं. रेंजर ब्रॉन्विन धावत आली आणि तिनं झाडाभोवती दोरीच बांधली. "कुणी हात लावायचा नाही! मादी आहे, मातीत अंडी घातली असणार." मी म्हटलं, "अगं, पण नर कुठाय?" "हिला नर लागत नाही," असं म्हणून तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट दोरीबाहेर जाऊन उभा राहिलो. अंडी फुटायला नऊ महिने लागतात म्हणे. तोवर दुसरा नाताळ दारात येईल. शेवंडी समुद्रात मोकाट, आणि हॉटेलच्या पाहुण्यांना वाढायला मी काय देऊ, माझं डोकं?

गाव मात्र खुळं झालंय. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या ऑलिव्हआजी रोज झाडापुढं खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या आईनं लहानपणी हे किडे अंगणात पाहिले होते. "आई आज असायला हवी होती रे, डेस," म्हणून काल हमसून रडल्या. मलाही भरून आलं (थोडं पिंजऱ्यांसाठीही असेल).

तुझा,
डेस्मंड

ता.क. : समुद्रातल्या खडकावरून आणलेले हेच काडीकिडे तू पाळतेस, त्या खोलीची किल्ली मला दिली होतीस, झुडपांना पाणी घालायला. झाडाला खोवलेला पाला मी तिथूनच तोडला. फांद्या झटकून घ्यायचं सुचलं नाही. हे ब्रॉन्विनला सांगितलं तर माझे पिंजरे आजच्या आज सुटतील.

आणखी ता.क. : तू निघालीस तेव्हा खोलीत किडे बारा होते की अकरा? आता अकरा आहेत. हेच विचारायला ब्रॉन्विन तुला फोन करणार आहे. ऑलिव्हआजींनी उद्या झाडापुढं बसायला नवा फ्रॉक इस्त्री करून ठेवलाय. पिंजऱ्यांचं मी बघून घेईन, ताई. तू अकराच होते म्हण.