मोठ्या हाडाचं पिल्लू

आप्पा, घरात एक कुत्रं आलंय आणि त्याच्या प्रत्येक जेवणाला तुमची आठवण निघते. चांगली आठवण नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच फुशारायला नको. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा आता आठवत नाही, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. भाऊ कुत्र्यापुढे भांडं ठेवतो आणि "खाय, साफ कर" म्हणतो तेव्हा तुम्हीच स्वयंपाकघरात उभे असता, कामावरचे कपडे न बदलता.

कुत्रं भावानेच आणलं. तुमच्या लाडक्याने. आम्ही दोघं अजून तुम्ही क्वार्टर सोडल्यावर बांधलेल्या नाशिक रोडच्या त्याच घरात राहतो, तो खाली आणि मी वर, चूल एकच. त्याची बायको माहेरी गेली ती गेली, आणि मी सासरहून आले ती आले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात की दोन्ही मुलं वाया गेली. एका संध्याकाळी मी शाळेच्या ऑफिसातून घरी आले तर हा जिन्याच्या खालच्या पायरीवर मांडीवर ते पिल्लू घेऊन बसलेला. ग्रेट डेन जातीचं. एकलहऱ्याला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये असताना वाळत घातलेल्या कपड्यांवर जी राख बसायची ना, नेमक्या त्या रंगाचं. पंजे एवढे मोठे की जणू दुसऱ्याच कुणाचे बूट घालून आलंय. भाऊ म्हणाला, हे वाढलं की माझ्या कमरेच्या वर येईल. त्याच्या तोंडावर असा आनंद मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. नाव काय ठेवलं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, पैलवान. तुम्ही त्याला ज्या नावाने हाक मारायचात तेच.

मग सुरू झालं खाणं. म्हशीचं दूध, उकडलेली अंडी, तूप लावलेली पोळी. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून नागलीचं सत्त्व, कारण नागलीत हाडाला ताकद असते आणि त्यांची नातवंडं त्यावरच वाढली. मेडिकलमधून लहान मुलांचं कॅल्शियमचं गोड औषध. सगळी गल्ली येता-जाता म्हणायची की एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू आणि फासळ्या दिसतात, खायला घालत नाही का? हे वाक्य तर त्याच्या वर्मी लागायचं. कुणी असं म्हणालं की तो आत जाऊन आणखी एक अंडं सोलायचा. पिल्लू वाढत होतं, ते मात्र खरं. फरशीवर रोज नव्याने मोठं झाल्यासारखं दिसायचं. आणि मग त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागले. मनगटाच्या वर गाठीसारखी सूज आली, पंजे फेंगडे पडायला लागले, सकाळी उठताना ते कण्हायचं.

जनावरांच्या डॉक्टर बाई तरुण आहेत, पण तोंडाने फटकळ. मला आवडल्या. त्यांनी पिल्लाला टेबलावर घेतलं, पाय दाबून पाहिले आणि भावाला विचारलं, काय काय घालता? हा कौतुकाने सांगत गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ह्याला प्रेमाने लंगडं करताय." मग समजावून सांगितलं. लहानखुऱ्या कुत्र्याला जे चालतं ते ह्या जातीला चालत नाही. ह्याला मोठं व्हायचंच आहे, त्याला ढकलायची गरज नाही, उलट आवरायची गरज आहे. जोरात वाढलं तर अंगाचं वजन आधी येतं आणि हाड मागे राहतं. आणि कॅल्शियम तर बिलकूल नको, कारण ह्या वयात पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं ओताल तेवढं आत जातं आणि हाडं वेडीवाकडी घट्ट होत जातात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं म्हणून जे कोरडं खाणं मिळतं तेच फक्त, मापाने, दिवसातून तीनदा, वर काही नाही. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. भुकेलं वाटलं तरी चालेल. हाडं कोवळी आहेत तोवर सुधारायला वाव आहे, नंतर वाकलेलं ते वाकलेलंच. हे शेवटचं बोलताना त्यांनी भावाकडे बघितलं आणि मग नकळत त्याच्या गुडघ्यांकडे.

त्याचे गुडघे तुम्ही बघितले नाहीत, आप्पा. तुमच्या वेळी ते नुसते दुखायचे. आता तो जिना चढत नाही, म्हणून तर खाली राहतो.

मला क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही फर्स्ट शिफ्टहून येता, हातपाय धुता आणि भावाला समोर बसवता. आई वाढते, पण किती वाढायचं ते तुम्ही बोटाने दाखवता. चार भाकरी, वर दुधाचा तांब्या. तो पोलिसात जाणार, दारात उभा राहिला की दार भरलं पाहिजे, असं तुम्ही त्याच्या पाचवीपासून ठरवलेलं. रविवारी मटण. आम्ही काही रोज मटण खाणारे नव्हतो, त्यामुळे रविवारी सकाळपासून माझं लक्ष पातेल्यात असायचं. नळी दर वेळी त्याच्या ताटात. मी एकदाच हात पुढे केला होता. तुम्ही हातावर मारलंही नाही. ताटावरून नजर न उचलता म्हणालात, "तुझी हाडं दुसऱ्याच्या घरात म्हातारी व्हायचीत. त्यांना कशाला घालायचं?" आई रस्सा वाढत होती. तिचा पळा थांबला नाही. मी रस्सा खाल्ला, आप्पा. चांगला झाला होता, तेच तर वाईट.

आणि त्याच रविवारी की दुसऱ्या कुठल्या, हे आता एकात एक मिसळलंय, त्याला शेवटचा घास जाईना. तुम्ही म्हणालात खाय. तो मोरीत जाऊन ओकला, तोंड धुऊन परत आला, तर तुम्ही ताट पुन्हा भरून ठेवलेलं. तो रडत नव्हता. सवयीने बसला आणि खायला लागला. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला त्याची कीव येत नव्हती. मला भूक लागली होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. भरतीच्या मैदानावर तो धावायला उभा राहिला आणि अर्ध्यात गुडघा धरून बसला. तुम्ही कुंपणाबाहेर उभे होतात. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला वाढलंत, अर्धी भाकरी, आणि म्हणालात, हत्ती पाळला पण मिरवणुकीत चालेना. त्यानंतर तुम्ही त्याच्यासमोर जेवायला बसला नाहीत. कधीच नाही. मला वाटलं होतं की आता तरी माझ्या ताटाकडे बघाल. तुम्ही डबा कामावरच खायला लागलात.

तर त्या फटकळ बाईंकडून आम्ही परत आलो आणि मी सगळं हातात घेतलं. खाण्याचा डबा वरच्या मजल्यावर माझ्याकडे. माप माझं. पिल्लू भांडं चाटून माझ्याकडे बघायचं आणि मी नाही म्हणायचे. खरं सांगू का, मला ते नाही म्हणणं आवडायला लागलं. त्याचे डोळे भरून यायचे, मी भांडं उचलून धुऊन पालथं घालायचे आणि मला बरं वाटायचं. कुणाचं तरी ताट माझ्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. पण पाय काही सुधारेनात. सूज तशीच. बाईंनी विचारलं की वरून काही घालत नाही ना, तर भाऊ माझ्या आधी म्हणाला, छे.

एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि मी न सांगता घरी आले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. हा पाटावर बसलाय, एक पाय लांब करून, कारण तो दुमडत नाही. समोर पिल्लू, वाकड्या पायांवर कसंबसं तोललेलं. वाटीत दूध, दुधात कालवलेलं सत्त्व, आणि हा त्याच्या मानेवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणतोय, "खाय. साफ कर. तुला मोठं व्हायचंय ना?" हुबेहूब तुम्ही. फक्त तुमचा हात कधी मानेवर नसायचा.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "तुझे पाय गेले ते पुरलं नाही का? आता ह्याचे घालव." त्याने वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "ताई, आप्पांनी मला खायला घातलं गं. तेवढंच केलं त्यांनी माझ्यासाठी. त्याला तरी वाईट म्हणू नको." मला सांगायचं होतं की मला तेवढंही केलं नाही. पण ते सांगून काय उपयोग, तो तिथेच तर बसलेला असायचा, माझ्या समोर, तोंडात घास घेऊन.

मी वेगळंच विचारलं. आप्पा बॉयलरचं काय सांगायचे, आठवतं का?

त्याला अक्षरन् अक्षर आठवत होतं. तुमची ती आवडती गोष्ट, जेवताना शंभरदा ऐकलेली. बंद पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा होता, नव्या साहेबाला घाई झाली होती आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून सुनावलंत. भावाने तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं, "साहेब, बॉयलरचा ड्रम जेवढा मोठा तेवढी घाई कमी. जाड पत्रा एका अंगाने तापतो, दुसरं अंग थंडच असतं. आग हळूहळू वाढवायची. एकदम दिली तर चिरतो." म्हणता म्हणता तो हसला. मग हसू विरलं. त्याने पिल्लाच्या पायाकडे बघितलं, मग स्वतःच्या लांब केलेल्या पायाकडे. ताई, म्हणाला, म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी हो म्हणाले.

"मग मला का नाही लावला तो नियम?"

इथे मी काहीतरी बरं बोलू शकले असते. तुम्ही अडाणी होतात, काळच तसा होता, तुमचा जीव होता त्याच्यावर, असं काहीही. लोक बोलतात. मी म्हणाले, "ड्रम सरकारचा होता. चिरला असता तर त्यांची नोकरी गेली असती."

त्याने वाटी उचलली, भिंतीला धरून उठला, दूध मोरीत ओतलं आणि नळ सोडून ते सगळं वाहून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला. पिल्लू त्याच्या पायाशी येऊन ओली फरशी चाटत होतं. त्याने त्याला पायाने हळूच बाजूला केलं. त्यानंतर घरात पिल्लासाठी वरचं खाणं आलं नाही. आता माप तोच घालतो. वाटीच्या काठावर बोट फिरवून जास्तीचे दाणे परत डब्यात टाकतो. शेजारच्या काकू फासळ्या दिसतात म्हणाल्या, तर त्याने त्यांचा हात धरून पिल्लाच्या बरगड्यांवर ठेवला आणि म्हणाला, मोजा, अशाच लागल्या पाहिजेत. पाय सरळ होतायत. अगदी बाणासारखे होणार नाहीत, बाईंनी तेवढं स्पष्ट सांगितलंय, पण ते चालेल, धावेल. परवा ते दारात उभं राहिलं तर अर्धं दार भरलं. भाऊ माझ्याशी पूर्वीइतकं बोलत नाही. तुमचा जो फोटो खालच्या खोलीत होता, तो त्याने काढून कपाटावर पालथा ठेवलाय. मी तो सरळ केलेला नाही. तुमच्या मुलाकडून तुम्हाला मी काढून घेतलं, आप्पा, आणि त्याच्या हातात त्याबदल्यात काही दिलं नाही. मला वाईट वाटतं ते त्याच्यासाठी. तुमच्यासाठी नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे उरलेलं एक तेवढं सांगून टाकते. रविवारी मी अजून मटण आणते. कुत्र्याला हाड द्यायचं नाही असं बाईंनी बजावलंय, भावाला त्याच्या डॉक्टरांनी मटण बंद केलंय. दोघंही जेवणाच्या वेळी समोर बसतात, एक पाटावर, एक फरशीवर, आणि माझ्या ताटाकडे बघतात. मी नळी उचलते, ताटावर आपटते, आतलं सगळं ओढून घेते. एवढी वर्षं मला वाटायचं की त्यात काय असेल. काही नसतं आप्पा, थोडी चरबी असते, तीही लगेच थंड होते. तरी मी ती शेवटपर्यंत चोखते, आणि कुणाला देत नाही.