जेवल्यावरची गोळी

बाई, घरी बसलेल्या पोरीइतकं रिकामं कोणी नसतं आणि तिच्याइतकं कामाला जुंपलेलंही कोणी नसतं, हे मला डी. फार्मसी झाल्यावरच्या दोन वर्षांत नीट कळलं होतं. दळण आणायचं असो, पाहुण्यांना येरमाळ्याच्या स्टँडवरून घेऊन यायचं असो, चुलत्यांचा मोबाइल बंद पडलेला असो, हाक मलाच. ती काय, मोकळीच हाय. मी मात्र कळंब, बार्शी, धाराशिव असे एसटीचे खेटे घालत होते. सगळीकडे अनुभव विचारायचे, आणि नोकरी दिल्याशिवाय तो यायचा कुठून, हे उलट विचारायची सोय नव्हती. शेवटी एका औषध दुकानदाराचा निरोप आला, की तुमचं प्रमाणपत्र तेवढं आणून द्या, आम्ही परवान्यासाठी दुकानात टांगतो, महिन्याला पैसे देतो, तुम्ही यायची गरज नाही. घरात हे सगळ्यांनाच पसंत पडलं. खरं सांगायचं तर मलाही पडलं होतं.

तुम्ही त्या दिवशी विरजण मागायला आला होतात. आई भाकरी थापत होती. तिनं मोठ्या कौतुकानं तुम्हाला दुकानदाराचं सांगितलं. आईला दुसरीत पाढे तुम्हीच शिकवलेले, त्यामुळं तुमच्यापुढं ती अजूनही दुसरीतच असायची. तुम्ही वाटी हातात धरून म्हणालात, "प्रमाणपत्र भिंतीला अन् पोरगी चुलीला? मग शिकवलं कशाला तिला?" आईची तव्यावरची भाकरी करपली. जाताना तुम्ही मला सांगितलंत, उद्या आठला तयार राहा, दवाखान्यात जायचंय. मला वाटलं, तुम्हालाच बरं नाही.

गावाबाहेर हायवेला लागून एका ट्रस्टचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे आणि त्या तीन दिवसांत आसपासच्या सगळ्या गावांतली माणसं तिथं लोटायची. खिडकीतून गोळ्यांची पाकिटं मिळायची, पण कोणती कधी घ्यायची हे सांगायला तिथं कोणाला उसंत नसायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही व्हरांड्यात एक टेबल टाकून बसायला लागला होतात. कोणी नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि संध्याकाळच्या गोळीला चंद्र काढायचा, सगळं समजावून सांगायचं आणि मग पाकिटावर हात ठेवून म्हणायचं, "आता तू मला सांग." समोरच्यानं बरोबर सांगितल्याशिवाय तुमचा हात निघायचा नाही. पाढे घेतल्यासारखंच ते. साठीचे पैलवान गडी तुमच्यापुढं अडखळताना मी पाहिलेत.

पहिले काही आठवडे मी नाक मुरडतच बसले. औषधांचं शिक्षण माझं, आणि चंद्र-सूर्य काढायला शिकवणार तुम्ही. त्यात येणारा-जाणारा विचारायचा, पगार किती देत्यात? पगार नाही म्हटलं, की त्याचा चेहरा पडायचा. तुम्हाला ते दिसत असणार. एक दिवस तुम्ही मला शिंप्याकडं नेलंत आणि पांढरा कोट शिवायला टाकलात. मी म्हणाले, बाई, मी इथं कोणी नाही, कोट कशाला? तुम्ही म्हणालात, पगार नाही म्हणून काय बिनकोटाची बसतीस का. तो कोट घातल्यावर मी पहिल्यांदा त्या खुर्चीत सरळ बसले. दुपारी तुमच्या डब्यात दोघींची भाकरी असायची, वर शेंगदाण्याची चटणी, आणि माझे नवे अर्ज तुम्ही हात धुऊन एकेक ओळ तपासायच्या. अर्जातल्या माझ्या अक्षराला तुम्ही कधी चांगलं म्हणाला नाहीत, पण प्रत्येक अर्ज टपालात मात्र तुम्हीच टाकायच्या.

मग ते नवरात्र आलं. घट बसायच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही घरी देवघराची साफसफाई काढलेली, म्हणून मी एकटी होते. सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात औषध विभागात जागा निघाली होती आणि मुलाखतीला कोणाकोणाला बोलावलंय ते त्या दिवशी मोबाइलवर कळणार होतं. माझं अर्धं लक्ष तिकडं. एक म्हातारी आली, बी.पी.ची गोळी पहिल्यांदाच सुरू झालेली. मी पाकिटावर सूर्य काढला, सकाळी जेवल्यावर एक, असं दोनदा सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आता तू मला सांग, एवढं म्हणायचं राहून गेलं. दुपारी माझं नाव यादीत आलं. मी सगळ्या व्हरांड्याला चहा पाजला.

आठव्या माळेला त्या म्हातारीची सून तिला रिक्षातून घेऊन आली. अंगणात चक्कर येऊन पडली होती, कपाळाला खोक पडलेली. डॉक्टरांनी बी.पी. मोजलं आणि तिला लगेच आत घेतलं. मी पाकीट उघडून पाहिलं, तर सगळ्या गोळ्या जशाच्या तशा. मीच चिडून तिला विचारलं, की गोळ्या का घेतल्या नाहीत. ती पडल्या पडल्या माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, "तूच सांगितलंस न्हवं, जेवल्यावर घे म्हून? म्या घट बसल्यापून जेवलेच न्हाय, बाय. उपास हाय माजा."

साबुदाणा होता, भगर होती, रताळं होतं. पण ते जेवण नव्हे, फराळ. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझी आईही नऊ दिवस उपवास धरते आणि फराळ करून उठली, की आज मी जेवले नाही म्हणते. कॉलेजात मला गोळीची सगळी माहिती शिकवली होती. म्हातारीची माहिती माझ्या घरात होती, आणि मी ती विचारली नाही. दुपार टळेपर्यंत तिचं बी.पी. उतरत नव्हतं. मी आतल्या दाराशी उभी होते. तिला काही झालं असतं, तर मी आज कुठं असते कोणास ठाऊक.

तिन्हीसांजेच्या आधी ती उठून बसली. दुपारपासून तिच्या उशाशी बसलेल्या तुम्ही तेव्हा उठलात आणि आपण दोघी पायी घरी निघालो. मी रडत म्हणाले, की बाई, मी आता येणार नाही, हे माझं काम नाही, मला नोकरी लागू दे मग मी नीट करीन. तुम्ही रस्त्यात थांबलात. तुमचा आवाज चढला नाही, पण तसा राग मी पुन्हा पाहिला नाही. "नोकरी लागंपर्यंतचं काम खोटं असतं का गं? त्या म्हातारीचं बी.पी. खरं होतं, अन् तू खोटी बसली होतीस व्हय तिथं?"

दुसऱ्या दिवशी मी आले. दसऱ्याला तुम्ही मला आपट्याची पानं घेऊन त्या म्हातारीच्या घरी नेलंत. मी पाया पडले. तिनं माझ्यासमोर पुरणाची पोळी खाल्ली, मग गोळी घेतली आणि सुनेला म्हणाली, हिला सांग, आज जेवले म्हून. तुम्ही इतक्या हसलात, की तुम्हाला ठसका लागला. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, उपवास कोणते धरता, रोजा असतो का, जेवणं किती वेळा होतात. आणि मग, आता तुम्ही मला सांगा.

सोलापूरला मुलाखतीत तिघं जण होते. पुस्तकातलं विचारून झाल्यावर एका डॉक्टरांनी शिपायाला बोलावून खुर्चीत बसवलं, माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट दिलं आणि म्हणाले, हा पेशंट समजा. मी त्या शिपायाला उपवासाचं विचारलं. तो म्हणाला, मंगळवार धरतो. मी मंगळवारचं वेगळं सांगितलं आणि पाकिटावर हात ठेवून त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. तिघं एकमेकांकडं बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं कोणी करत नाही, तुम्ही हे कुठं शिकलात? नोकरी मला तिथंच लागली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

परत आल्यावर मी थेट तुमच्याकडं आले. तुम्ही शेंगा फोडत बसला होतात. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, त्यांनी विचारलं कुठं शिकलात, मी तुमचं नाव सांगितलं, बाई. तुम्ही शेंगा फोडायच्या थांबलात. चष्मा काढून पदरानं पुसलात, परत घातलात, परत काढलात. पुढं किती दिवस तुम्ही व्हरांड्यातल्या प्रत्येकाला सांगायच्या, की सोलापूरच्या डॉक्टर लोकांत आपल्या टेबलाचं नाव निघालं. आई सांगते, शेवटच्या आजारात भेटायला येणाऱ्यांनाही तुम्ही तेच सांगत होतात.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या पोटापाण्याचं, माझ्या ताठ मानेचं जे काही आहे ते तुमच्यामुळं आहे, आणि हे मी घरी सगळ्यांना सांगते. आता मुलाखत घ्यायला मीही बसते. मागच्या आठवड्यात तेरखेड्याकडची एक मुलगी आली होती. मधल्या दीड वर्षात काय केलं, असं शेजारच्या सरांनी विचारलं. ती म्हणाली, काही मिळत नव्हतं, म्हणून गावातल्या आजारी म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, पगार नव्हता. किती साधं बोलली. तिला लाज वाटली नाही. मी हातातल्या कागदावर उगीच काहीतरी लिहीत राहिले.

बाई, हे पत्र कुठं टाकणार? पण तुमच्यासमोर मी हे कधी बोलू शकले नसते, म्हणून लिहिते. सोलापूरच्या त्या मुलाखतीत डॉक्टरांनी पुढं मधल्या दोन वर्षांचंही विचारलं होतं. बिनपगारी बसत होते म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणाले, आई आजारी होती, म्हणून घरीच होते. आणि हे कुठं शिकलात, याला मी म्हणाले, कॉलेजात.