पक्क्या बांधणीचा अर्ज

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा लांबूनच, पण कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, सरळ होताना तेवढी कुरकुरते.) तुझी नवी कवळी बसली का? बसत नसेल तर डबीत ठेवून तिची पूजा करू नकोस, त्या दातांच्या डॉक्टरला पुन्हा गाठ. दाजींचा खोकला काय म्हणतो? मी ठीक आहे, दुकान ठीक आहे. आता चष्मा लाव आणि बसून घे, कारण पुढचं वाक्य उभ्याने वाचण्यासारखं नाही.

मी लग्न करतोय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. मी एकटा पडल्याला सात वर्षं झाली. त्यात तू तीन स्थळं आणलीस आणि तिन्ही मी परत धाडली. तिसऱ्या वेळी तर तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच हातचा चहा पीत, 'माणसाला वयाचं भान हवं' यावर मी अर्धा तास भाषण झोडलं आणि तू कपबशा पुसत राहिलीस. ते भाषण आता माझ्याच घशात अडकलंय. तोंडाने सांगायची छाती होईना, म्हणून हे पत्र. एकसष्टीला माणूस शहाणा होतो म्हणतात. माझी गाडी दुसऱ्याच रस्त्याला लागली.

जिच्याशी करतोय ती नर्स होती. तीस वर्षं परदेशात लोकांच्या उशाशी काढली. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर इकडे आली तेव्हा तिच्या आईची वही माझ्याकडे बांधायला घेऊन आली. पानं सुटलेली, कडा कुरतडलेल्या, आणि मधलं एक पान गायब. मी त्या जागी एक कोरं पान शिवून टाकलं. उद्या सापडलंच तर त्याची जागा राखलेली असावी, एवढाच विचार. ते तिला तिकडे पोचल्यावर दिसलं आणि तिने फोन केला. तेव्हापासून दर रविवारी फोन असतो. तिला आता कायमचं इकडे परतायचंय. पण तिच्या मुलीला आईचं लग्न डोळ्यांनी बघायचंय, आणि मुलीचे दिवस भरत आल्यामुळे तिला विमानात कोणी बसू देत नाही. म्हणून लग्न तिकडे. पुढच्या महिन्याची सतरा तारीख तिथल्या कचेरीत ठरली आहे. ती हुकली तर पुढची पाच महिन्यांनी. मी जायचं, सही करायची, बाळ बघायचं आणि दीड महिन्याने दोघांनी परत यायचं. आहे की नाही सरळ?

सरळ आहे म्हणूनच व्हिसावाल्यांचा विश्वास बसेना. अगं, त्या भेटीच्या व्हिसाची तऱ्हाच उफराटी. पहिल्या दहा कागदांत सिद्ध करायचं की या बाईवाचून तुमचं पान हलत नाही. पुढच्या दहांत सिद्ध करायचं की तिला सोडून तुम्ही केव्हाही उठून घरी येऊ शकता. प्रेम कमी दाखवलं तर लग्न खोटं, जास्त दाखवलं तर परतणं खोटं. मापात प्रेम करायचं म्हणजे किती, हे विचारायला मी आमच्या गल्लीतल्या परिशिष्टकाकांकडे गेलो. (हे गृहस्थ कारकुनीतून निवृत्त झाले आणि आता लोकांचे अर्ज भरून देतात. प्रत्येक कामाला आणखी एक परिशिष्ट जोडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.) त्यांनी विचारलं, दोघांचे एकत्र फोटो किती? मी म्हटलं, दोन. एकात आमच्या मधे वही आहे, दुसऱ्यात तिने डोळे मिटलेत. काकांनी कपाळाला हात लावला. परत येण्याचा पुरावा काय, म्हणाले. मी दुकानात बांधायच्या राहिलेल्या एकेचाळीस हजेरीपुस्तकांची यादी दिली. तो एकच कागद त्यांना पसंत पडला.

एका रकान्यात विचारलं होतं, यापूर्वी कधी नकार मिळाला आहे काय? खोटं बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. मी लिहिलं, 'होय, एकदा, तेविसाव्या वर्षी, मुलीच्या मामांकडून. कारण कळवले नाही.' ते खोडण्यात काकांची एक दुपार गेली.

तर एवढे सगळे मिळून एकशे बारा कागद झाले. सुटे! टाचणी लावायलाही मनाई. आता तूच सांग, चाळीस वर्षं ज्याने कागदाला कागद धरून ठेवायचं काम केलं, त्याने स्वतःच्या लग्नाचे कागद रद्दीसारखे पिशवीत कोंबून न्यायचे? काका लाख सांगत होते. मी म्हटलं, काका, तुम्ही अक्षरं बघा, बांधणी माझ्यावर सोडा. आठ-आठ कागदांचे गठ्ठे, म्हणजे आमचे जुज, पाडले, मेणाच्या दोऱ्याने शिवले, पाठीला खळ लावून कापड चढवलं, तीन बाजू मशीनवर कापून लोण्यासारख्या गुळगुळीत केल्या, लाल पुठ्ठा घातला आणि वर सोनेरी अक्षरांत छापलं: 'विवाहार्थ भेटीचा अर्ज, खंड पहिला'. ताई, आयुष्यात इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

व्हिसाच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, आता उघडून वास घेतील. त्या म्हणाल्या, "दुसरा खंड कुठाय?"

"पहिल्याला काय उत्तर येतंय ते बघून काढू म्हटलं."

"हे यंत्रात जात नाही. सुटे करून द्या."

"बाई, ही जुजबंदी आहे. मी मेलो तरी सुटायची नाही."

"मग तोवर बाजूला बसा. पुढचे, या."

बसलो. दरवाजावरच्या शिपायाने माझ्या खिशातलं दोरा-कागद कापायचं पातं आधीच काढून घेतलं होतं. (त्याला मी सांगितलं की ते धंद्याचं हत्यार आहे. 'हत्यार' ऐकून तो आणखी दोघांना घेऊन आला.) मग चष्म्याच्या काडीने आणि दातांनी एकेक टाका उसवत तीन तास काढले. स्वतःचं काम स्वतःच उसवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. शेजारच्या आजीबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती बाई पक्कं शिवलंय कुणी!" मी पुढचा टाका दातात धरला.

आणि एवढं करून पुन्हा खिडकीशी गेलो तर बाई म्हणाल्या, बँकेचा शिक्का अर्धाच का? कडा गुळगुळीत करताना मशीनने बोटभर कागद खाल्ला होता आणि त्याबरोबर शिक्के, पानांचे आकडे आणि नर्सबाईंच्या सहीचं अर्धं शेपूट. बँकेत तीन खेपा झाल्या, तिकडून तिने सगळं पुन्हा सही करून पाठवलं. फोनवर म्हणाली, "या वेळी नुसतं पाकिटात घाला हो, तुम्हाला माझी शपथ." परवा ते सगळं सुटं, टाचणीशिवाय, नेऊन दिलं. कागद त्या ट्रेमध्ये पसरलेले बघवेनात, निदान त्यांच्या कडा जुळवून आलो. आता निकालाची वाट बघतोय आणि दिवसातून दहा वेळा कॅलेंडर बघतोय.

एवढंच सांगायचं होतं. दाजींना नमस्कार, तुला तो वरती दिलाच आहे. जपून राहा.

तुझा धाकटा

ता. क. एवढंच नव्हतं. अर्जात आणखी एक रकाना होता: घरातल्या वडीलधाऱ्यांना या विवाहाची माहिती आहे काय? मी तुझं नाव आणि फोन देऊन लिहिलं, 'संपूर्ण माहिती व मनापासून संमती.' (दुसरं मोठं माझं आहे कोण?) त्यांचा तुला केव्हाही फोन येईल. तेव्हा कृपा करून 'कुठलं लग्न?' असं म्हणू नकोस. खरं म्हणजे या पत्राचं कारण तेच.

ता. क. दुसरा, सहा दिवसांनी. पत्र पाकिटात घालून टेबलावरच पडलं होतं, पाठवायचा धीर होईना. आज व्हिसा मिळाला. बाईंनी पासपोर्ट सरकवला आणि म्हणाल्या, तुमच्या बहिणीशी आमचं बोलणं झालंय. तारीख सांगितली तर मी हे पत्र लिहायला बसलो त्याच्या आदल्याच दिवसाची! काय म्हणाली, विचारलं. त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. लग्नाची माहिती आहे का? 'सगळी आहे.' कधीपासून? 'त्याला स्वतःला कळायच्याही आधीपासून.' परत येतील का? 'नाही आला तर मी जाऊन कानाला धरून आणीन.'

आणि त्यानंतर आठवडा झाला, मला तुझा एक फोन नाही. ताई, अख्ख्या कचेरीला तू तयार केलंस, माझ्याशी मात्र अबोला. मी फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. म्हणून हे पत्र आज कुरियरने पाठवतोय. तेरा तारखेचं तिकीट मिळतंय, पण ते मी काढलेलं नाही आणि तू मला रागावल्याशिवाय काढणारही नाही. तेव्हा काय रागवायचं ते लवकर रागव. सतरा तारीख तुझ्यामाझ्यासाठी थांबायची नाही.