गाडीचा खडखडाट आणि तुझी भावजय

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (सकाळपासून गाडीखाली होतो, त्यामुळे वाकलेलाच आहे, वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि तू गच्चीवर कपडे वाळत घालतेस, हे भाचीने कळवलं आहे.

इकडे तुझ्या भावजयीने अखेर कानाला यंत्र लावलं. (कमी ऐकू येतं हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून तुलाही बोललो नव्हतो.) यंत्र लावून पहिल्यांदाच गाडीत बसली आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत म्हणाली, "हे काय वाजतंय?" आता तो खडखडाट मी वर्षभर ऐकतोय, पण ती शेजारी निवांत असायची, त्यामुळे दुरुस्तीची निकड कधी भासलीच नव्हती. आता निकड शेजारीच बसली होती.

गॅरेजला नेणं म्हणजे स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवणं, म्हणून घरीच निदान करायचं ठरवलं. आधी डिकी रिकामी केली (जॅक, मोडक्या छत्र्या आणि मागच्या खेपेला तू शोधत होतीस ती चप्पल). आवाज तसाच. मग इंजिन गार होऊ दिलं, चाकांना विटा लावल्या, खाली सरकलो आणि डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसा सायलेन्सरची नळी मुठीने ठोकत गेलो. नळी ठणठणीत. डोळ्यांत गंज गेला तेवढा.

ती शेजारी स्टुलावर पाने घेऊन बसली होती. मी बारा नंबरचा पाना मागितला, तिने चौदाचा दिला, आणि मी सवयीने पुटपुटलो की हिच्या माहेरी सगळे असेच. वरून शांतपणे उत्तर आलं, "ऐकू आलं."

ताई, डोकं नळीवर आपटलं.

मग तिने विचारलं, "इतकी वर्षं आणखी काय काय पुटपुटत होतात?"

"बरंचसं चांगलंच असायचं," मी खालूनच म्हटलं. (खरं आहे ते. ती आरशापुढे उभी राहिली की मी नेहमी काहीतरी म्हणायचो. ऐकू जाणार नाही म्हणून धीर व्हायचा.)

"मग ते मोठ्याने म्हणायचं होतं," ती म्हणाली. आणि लगेच, "आत्ता डोकं आपटलंत ना, त्याच्या जरा अलीकडे वाजलं."

खरंच तिथे होतं. नळीची धग अडवायला वर एक पातळ पत्रा असतो, त्याचा बोल्ट गंजून गळून पडला होता. पाइपावर आवळतात तशी स्टीलची पट्टी त्यावरून घेतली, स्क्रू पिळला आणि दोघं चक्कर मारून आलो. गाडी गप्प. वाटेत मी काय बोललो ते लिहीत नाही, पण मोठ्याने बोललो.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी भाजी आणायला गाडी काढली. पुन्हा वाजतंय. ती म्हणते, उद्या गॅरेजला न्या.

आणखी एक ता.क. खरं तर पत्र यासाठीच. तुझा फोन आला की ती माझ्या हातात देऊन आत निघून जायची, आणि तिला तुझ्याशी बोलायचं नसतं असं तुला वाटायचं. तिला तुझं एक अक्षर कळायचं नाही गं. हल्ली फोन वाजला की माझ्याआधी उठते, आणि दुसऱ्या कुणाचा निघाला की मुकाट्याने मला देते. पत्र मिळाल्यावर फोन कर. मला बोलावू नकोस.