केपला शिवलेली मावशी

प्रिय लोरेटाताई,

धाकट्या बर्नडीनचा न्यूयॉर्कहून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? माझी कंबर आहे तशीच आहे; ऐकणारं कोणी भेटलं की जरा जास्त दुखते.

तुझा वेंडेल सुपरहिरो झालाय. (चार वर्षं तू पोराचं नावही घेत नाहीस, ठाऊक आहे. मी घेणार. वाचायचं नसेल तर डोळे मीट.) नाटक संगीत, नायक उडणारा, आणि कपडेपटात मी. अडचण एकच, प्रेक्षक! कॉमिक्सवाली पोरं येतात ती गाणं सुरू झालं की मोबाइल काढतात. गाण्याच्या शौकीन बायका येतात त्या मारामारी सुरू झाली की पर्स आवरायला लागतात. खुर्च्या हजार, माणसं दोनशे. बारा तारखेला नाटक बंद, अशी नोटीस फळ्यावर लागलीसुद्धा.

अशात गेल्या आठवड्यात बुधवारी, दुपारच्या खेळाला, वेंडेलची केप, तो पाठीवरचा लांब झगा गं, खांद्यावर उसवली. विंगेत उभ्या उभ्या मी टाके घातले, अकरा सेकंदांत, चष्म्याशिवाय, आणि घाईत माझी बाहीच केपला शिवून टाकली. त्याचं उड्डाण आलं, तो निघाला, मागोमाग मी! उडवायचे दोर ओढणाऱ्या ड्वेनने प्रसंग ओळखून त्याला वर ओढलं नाही, नाहीतर तुझी बहीण आज छताला असती. वेंडेल एक सूर चुकला नाही गं! माझा हात हातात घेऊन आकाशाचं अख्खं गाणं त्याने जमिनीवर चालत म्हटलं. मधेच कानाशी पुटपुटला, "मावशे, सुई काढ, टोचतेय!" पोरांनी मोबाइल खाली ठेवले, बायका उठून उभ्या राहिल्या. तीस वर्षं मी नटांची बटणं लावतेय. उडणारे पुष्कळ पाहिले, असा चालणारा नाही पाहिला. विंगेत जाऊन रडले.

आता दिग्दर्शक मला रोज मुद्दाम बाही केपला शिवायला लावतो. माणसं चारशे झाली. नोटीस मात्र तिथेच आहे.

तुझी,
बर्नडीन

ता. क. तुमच्या चर्चची म्हाताऱ्यांची बस दर वसंतात कुठे ना कुठे जाते. येत्या बुधवारी इकडे वळव. चौपन्न खुर्च्या धरून ठेवते.

पुन्हा ता. क. बस रिकामी आली तरी चालेल, तू ये. त्याने डेंटिस्टचं शिक्षण सोडलं ते सोडलं. दात काय, कोणीही उपटेल. रोज पडदा उघडण्याआधी तो फटीतून खुर्च्या बघतो. दोनशे असोत की चारशे, त्याला एकच माणूस सापडत नाही.

शेवटचं. तुला लिहायचं नाही म्हणून त्याने मला शपथ घातलीय. तेव्हा माझं नाव घेऊ नकोस. ड्रायव्हर रस्ता चुकला म्हण.