रुमाल, मान आणि मनोज

४ जानेवारी, रविवार
आज अमरावतीच्या बसस्टँडवर माझ्या रुमालाचा, आणि पर्यायाने संपूर्ण नागरी व्यवस्थेचा, खून झाला. अकोल्याची पाचची गाडी लागली. रिवाजाप्रमाणे मी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. आत जाऊन पाहतो तर सीटवर एक आडदांड पोरगा, आणि रुमाल त्याच्या मांडीवर. खिडकीतून टाकलेला रुमाल म्हणजे रजिस्ट्री, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. मी त्याच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. मग तोंडातून ‘बसा, बसा भाऊ’ निघालं. बायको मंजुषा मूर्तिजापूरपर्यंत उभी. तिथे तो उतरला, रुमालासकट. (मी मागितला नाही. तत्त्वाचा प्रश्न.) रुमाल तसा ऑफिसातल्या मनोजचा. शुक्रवारी माझ्या शर्टावर चहा सांडला तेव्हा त्याने दिलेला, निळ्या काठाचा.
घरी पोचेपर्यंत मंजुषा एकच वाक्य बोलली. म्हणे, ‘ऊठ’ म्हणायले काय पैसे पडते?

५ जानेवारी
निर्णय झाला. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. महिनाभरात त्याच गाडीत, त्याच पोराला ‘ऊठ’ म्हणायचं. एकदाच. मोठ्याने.
दोन तास व्हिडिओ पाहिले, दीडच्या स्पीडने. म्हणजे अभ्यास तीन तासांचा झाला.
ऑफिसात मनोजला सांगितलं. एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. म्हणे, ओमभाऊ, तुमी विहिरीत उडी मारली तं मी बी मारीन, फक्त पाणी किती हाय ते सांगा. रुमालाचं त्याने विचारलं नाही. मीही विषय वाढवला नाही.

७ जानेवारी, संध्या. ७
पहिला क्लास, मनोजसोबत. जठारपेठेत ताडपत्रीच्या दुकानावरचा हॉल. कोच पायल, वय सव्वीस. आल्या आल्या माझ्या पायांकडे पाहून म्हणे, काका, हे नखं हायेत का खुरपे? नेलकटर दिलं. पाय धुवायला लावले. अंगठी काढायला लावली. मग जाहीर केलं की पहिले तीन महिने फाइट नाही, आधी पडायला शिकायचं.
सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला पडायला शिकवताय? डिपार्टमेंटच्या परीक्षेत मी तीनदा पडलो आहे.
नंतर तिने थापांचं सांगितलं. पकड सहन झाली नाही की समोरच्याच्या अंगावर दोन-तीन थापा मारायच्या, तो लगेच सोडतो. हरणाऱ्यांची सोय. मला लागू नाही. तेवढ्या वेळात मनोजला खाली कचोऱ्या आणायला पिटाळलं.

९ जानेवारी
मांड्या भरल्या, ऑफिसचा जिना मागे तोंड करून उतरलो. क्लासला गेलो नाही. विश्रांती हाही ट्रेनिंगचा भाग आहे. मनोज एकटा गेला. मला न विचारता.

१६ जानेवारी
आठवडाभर विश्रांतीचा भाग पक्का केला. आज गेलो तर पायल सगळ्यांसमोर म्हणे, मनोजकाकांची पकड पाहा, लोखंड हाय लोखंड! मनोज लाजला. याच माणसाला मी एमएमए म्हणजे काय ते सांगितलं होतं!
टी-शर्टही धुतल्यावर आखडला. कोणावरच भरवसा उरला नाही.

२१ जानेवारी
विश्वासघात.
पायलने हळू सराव सांगितला, जोडीने. माझी जोडी मनोजशी. त्याने मागून गळ्याभोवती हात घातला. दहा सेकंदांत मला पुरेसं शिकून झालं. मी त्याच्या हातावर थापा मारल्या. पकड घट्ट झाली. आणखी मारल्या. आणखी घट्ट. पायल धावली नसती तर ही वही इथेच संपली असती.
एकोणीस वर्षं!

२२ जानेवारी
मानेला पट्टा. डॉक्टर म्हणे, या वयात? उत्तर दिलं नाही, मान हलत नव्हती.
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, मनोजने माझा जीव घेतला असता. मनोज फाइल घेऊन उभा होता, सगळं ऐकलं. म्हणे, ओमभाऊ, तुमी थोपटून राहिले होते, मले वाटलं शाबासकी देऊन राहिले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच देली, म्हणून जोर लावला.
काय ही सबब! थापांचं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. याला कसं माहीत नाही?

२३ जानेवारी
मनोजने खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर बस्तान हलवलं. डबा तिकडेच खातो. मला काही फरक पडत नाही. भाजी कसली होती ते इथून दिसत नाही, एवढंच.

१ फेब्रुवारी, रविवार
अमरावती. पाचची गाडी. मंजुषा माहेरीच थांबली, मी एकटा. तोच पोरगा, तीच सीट. मी श्वास घेतला. ‘ऊठ’चा ऊ तोंडात आणला. तेवढ्यात तो स्वतःच उठला. म्हणे, काका, बसा. मानेले काय झालं?
फाइट, मी म्हणालो.
कोणासंग?
दोस्तासंग.
मंग दोस्त कुठी हाय?
मी खिडकीबाहेर पाहिलं. बडनेरा गेल्यावर त्याला रुमाल आठवला. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे, दर रविवारी घरी मूर्तिजापूरला जातो. म्हणे, त्या दिवशी मी तुमाले दोनदा विचारलं, रुमाल तुमचा हाय का? तुमी नाही म्हणाले. नाहीतं उठलोच असतो ना!
हे लिहायचं राहून गेलं होतं.
थापा शिकवल्या तेव्हा मनोज खाली कचोऱ्या घेत होता, हेही बडनेऱ्यानंतरच आठवलं.

२ फेब्रुवारी
जठारपेठेतून रुमाल घेतला. निळ्या काठाचा मिळाला नाही, हिरवा घेतला. मनोज साहेबांकडे गेला होता तेव्हा त्याच्या खुर्चीवर ठेवून आलो.
तो आला. खुर्चीवर रुमाल पाहिला आणि उभाच राहिला, फाइल छातीशी धरून. कोणाची जागा आहे ते पाहत.
मी उठून गेलो. म्हणालो, तुझाच आहे, बस.
तो बसल्यावर पाठीवर दोन थापा मारल्या. हळूच.
मान अजून दुखून राहिली.