व्हिडिओत भरलेली मुलं

सोमवार, ३ नोव्हेंबर

लागली! नोकरी लागली! सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स. कंत्राटी आहे, पण आहे! एक डिसेंबरला हजर व्हायचं. यादी पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्याच कुणा संजनाचं नाव नसेल ना, म्हणून वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं ताडून पाहिलं. माझंच!

पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून शिफ्ट संपवून आले, ते डबाही न ठेवता पेढे आणायला परत गेले. आईने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या हाताचं पीठ माझ्या केसांना लागलं. आणि मग चपात्या लाटता लाटता, अगदी सहज –

"मग पंचवीस तारखेच्या मीटिंगला सुपरवायझर मॅडमना सांगून टाकते."

काय सांगून टाकते?

"सोडते म्हणून. तू नसल्यावर अंगणवाडीचं ॲप कोण भरणार? तुझे पप्पा?"

आई अंगणवाडी सेविका आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी पहिली अक्षरं तिच्याच अंगणवाडीत गिरवली. घरी आई, तिथे बाई – हा नियम मी फारच मनावर घेतला होता म्हणे. रडत रडत तिलाच विचारायचे, "बाई, माझी आई कधी येणार?" एवढ्या पोरांना सांभाळलेली बाई एका मोबाईलपायी काम सोडणार!

आणि यात माझाही हात आहे. ॲप आल्यापासून रोज संध्याकाळी ती सांगते आणि मी दाबते. हजेरी, वजन, उंची, आता प्रत्येक मुलाचा फोटोसुद्धा. बरोबर नाहीच ते. सेविका ती आहे, मी नाही.

पेढा गोड लागला नाही. – खोटं कशाला लिहू. लागला. दोन खाल्ले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सुचलं!

नोकरीचा फॉर्म कसा भरायचा ते मला माझ्या मैत्रिणीने, स्नेहलने, गेल्या महिन्यात पाठवलं होतं – व्हिडिओ, पण त्यात ती नाही, फक्त तिच्या मोबाईलचा पडदा! एकेक पान उघडत जाणारा. तसंच आईसाठी करायचं. मी सुरगाण्याला, तिथे रेंज असो नसो, व्हिडिओ आईच्या मोबाईलमध्येच राहील. अडलं की बघायचं. चिडणार नाही, कंटाळणार नाही, "आई, कालच सांगितलं ना!" म्हणणार नाही. (मी म्हणते. फार वेळा म्हणते.)

आईचा मोबाईल घेऊन बसले. वरून पट्टी खाली ओढली. सोय दिसेचना. मग पेन्सिलीच्या खुणेवर दाबलं तेव्हा खाली लपलेले चौकोन दिसले आणि त्यात – स्क्रीन रेकॉर्डर! तो बोटाने धरून वर आणला. दाबला. तीन, दोन, एक... आणि कोपऱ्यात लाल ठिपका. मी केस सारखे केले, जसं काही माझंच शूटिंग!

सगळं नीट समजावून सांगितलं. स्पष्ट, सावकाश. मग लावून बघितलं तर आवाजच नाही!

आई म्हणाली, "मुका सिनेमा. छान आहे."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आवाजाचं कळलं. सुरू करण्याआधी ते विचारतं – आवाज नको, मोबाईलमधला हवा, की माईकचा. मी वाचलंच नव्हतं. औषधाची बाटली दोनदा वाचणारी मी!

माईक लावून पुन्हा केलं. आता माझ्या आवाजासोबत कुकरच्या शिट्ट्या, गल्लीतला भंगारवाला आणि पप्पा – "विमल, माझी टोपी कुठंय?" त्यावर आई – "डोक्यावर बघा."

तिसऱ्यांदा केलं, दार लावून, पंखा बंद करून. मधेच वरून मामीचा मेसेज टपकला – 'नोकरी लागली, आता पोरीचं बघा.' वजनाच्या रकान्यावर बरोब्बर! आई एवढी हसली की तिला ठसका लागला. आता रेकॉर्डिंगच्या आधी सगळे मेसेज गप्प करून ठेवते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जमलं असं वाटलं. आईने डोळ्यांना चष्मा लावून पूर्ण बघितलं. मग म्हणाली, "पण तुझं बोट कुठंय? आपोआपच उघडतंय सगळं. भूत चालवतंय का मोबाईल?"

खरंच की! मला बोट दिसत नाही हे कळलंच नाही, कारण कुठे दाबायचं ते मला आधीच माहीत होतं.

पुन्हा त्या सोयीत शिरले. तिथेच होतं – स्पर्श दाखवा! ते चालू केलं की जिथे बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका उमटतो. सरकवलं की ठिपका सरकतो. मी उगाचच पडद्यावर गोल गोल बोट फिरवत बसले. आईसुद्धा! आम्ही दोघी ठिपक्याशी खेळत होतो आणि भात करपला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

व्हिडिओ एकदम छान झाला आणि मी एकदम मूर्ख ठरले.

आईने तो सकाळी सेविकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे, फुलं, हात जोडलेले. उज्वलाताई शेजारच्या वस्तीची सेविका आहे, तिने लिहिलं, 'विमलताई, पोरगी डॉक्टर का नाही केली?' मी हवेत!

दुपारी कपडे वाळत घालताना हात थांबला. व्हिडिओत खरी मुलं आहेत! नावं, वजनं, एकाचा तर फोटो. मी कोण ते दाखवणारी? पळत आत आले. ग्रुपवरून काढून टाकला. ज्यांनी बघितला होता त्या प्रत्येकीला फोन केला – ताई, मोबाईलमधूनही काढा, कुणाला पाठवला नाही ना? पप्पा म्हणाले, "कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं." म्हणूनच तर!

मग आईच्या मोबाईलवरून मॅडमनाही स्वतः सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. परत नको." एवढंच.

सोमवार, १० नोव्हेंबर

नवसाबाईकडे गेले. त्यांची लहानी आईच्या अंगणवाडीत आहे. नवा व्हिडिओ करू का, असं सकाळी मॅडमना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, एकाच मुलाचं दाखव आणि आईबापाला विचारून. मी पायरीवर बसून सगळं समजावलं – कोण बघणार, का बघणार, नको असेल तर नाही म्हणा, राग नाही.

नवसाबाई ऐकत होत्या आणि पोरीचे केस विंचरत होत्या. "टीव्हीवर येनार का माझी पोर?"

नाही, फक्त सेविकांच्या मोबाईलवर.

"मंग एवढं घाबरून का बोलती तू? घे की. पन थांब, झबलं बदलते."

झबलं बदललं, पावडर लावली, गालाला तीटही लावली. आता ॲपमधल्या फोटोत ती तीट कायमची!

बुधवार, १२ नोव्हेंबर

झाला! पाठवला! आवाज आहे, ठिपका आहे, मामी नाही, दुसऱ्या कुणाचं मूल नाही. पाठवण्याआधी शेवटच्या क्षणापर्यंत बघितला, पुन्हा बघितला, मग पप्पांना दाखवला. पप्पा म्हणाले, "मला आता अंगणवाडी चालवता येईल." आज पायात चपलाच नसल्यासारखं हलकं वाटतंय!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भिमाबाईंचा फोन. त्या आईच्याही आधीपासूनच्या सेविका. फार खूश!

"पोरी, लय भारी काम केलंस! समदी पोरं भरून टाकली मी तुझ्या व्हिडिओत."

व्हिडिओत?

"व्हय की. तू दाबती तिथं मी बी दाबलं. थांबायचा मधी मधी, पन मी सोडलं नाय. प्रत्येक पोराला पहिल्यापास्नं लावला. पन आता बघते तर नवसाबाईच्याच पोरीचं नाव दिसतंय. माझी पोरं कुठं गेली?"

मला काही क्षण कळलंच नाही. आणि मग कळलं. त्यांनी व्हिडिओवरच बोट दाबलं! एकेका मुलासाठी, अख्खी दुपार. मी हसले नाही. हसू आलंच नाही. त्या नंतर म्हणाल्या, "म्हंजे समदं वाया?" – तो आवाज डोक्यातून जात नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भिमाबाई एकट्या नाहीत. उज्वलाताई म्हणाली, "अगं, मलाही वाटलं हँग झालाय. दाबलं की थांबतंय!"

मग मी हळूच आईकडे बघितलं. आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मीही तेच करत होते. दोन दिवस. तुला कशाला सांगायचं? तू एवढी आनंदात होतीस."

आणि मग – "मला नाही जमणार, संजू. मॅडमना सांगते, मोकळी होते."

चूक तिची नाहीच! तेच रंग, तीच बटणं, तोच मोबाईल. चित्रातलं दार अगदी दारासारखं काढलं, तर माणूस कडी शोधणारच. उपाय करायचा. पंचवीसच्या आत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

व्हिडिओभोवती जाड पिवळी चौकट टाकली. वर मोठ्या अक्षरांत – 'हा व्हिडिओ आहे. इथे दाबू नका.' भिमाबाईंना पाठवला. त्यांचा फोन आला – "ते पिवळं दाबलं. काय होत नाय."

रविवार, १६ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते, एकही गोष्ट सुटायला नको!

भिमाबाई रिक्षाने घरीच आल्या. मोबाईल पिशवीत, पिशवी पोटाशी. "दाव आता समोरासमोर." मी दाखवायला आईचा मोबाईल घेतला, तर त्याला चार्जिंगच नाही. तो प्लगला लावला, तिथेच सांडशी फाकवून तिला टेकवून उभा केला आणि त्याच्यावर व्हिडिओ लावला. काम भिमाबाईंच्या मोबाईलवर.

आणि गाडी सुरळीत चालू! एक मोबाईल बोलतोय, दुसऱ्यावर हात. उभ्या मोबाईलला कुणी बोट लावेना, कारण बोट दुसरीकडे गुंतलेलं!

"ठिपका कुठं गेला?" भिमाबाई.

"वर गेला. ते हिरवं दाबा," आई.

"तुम्हीच दाबा की."

"मी नाही. मोबाईल तुमचा, मुलं तुमची."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. एकदा तोंड उघडलं, तर आईने बोट वर केलं – गप्प! भिमाबाईंच्या अंगणवाडीतल्या पहिल्या मुलाचं वजन भरलं गेलं. हिरवी खूण आली. त्यांनी पदराने मोबाईलच पुसला, जणू त्याला घाम आलाय!

मग मोबाईलची अदलाबदल केली. त्यांचा सांडशीला, आईचा मांडीवर. आईचं बोट पडद्यावर नुसतंच तरंगत राहिलं, टेकेना. "चुकलं तर?" भिमाबाई म्हणाल्या, "चुकलं तर फुटतंय का? दाबा, विमलताई!"

दाबलं! आईने स्वतः! मी मोठ्याने ओरडले आणि पप्पा आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले – "काय झालं? कोण पडलं?"

सोमवार, १७ नोव्हेंबर

ग्रुपवर लिहिलं – व्हिडिओ एकीच्या मोबाईलवर, काम दुसरीच्या. जोडीने बसा. उज्वलाताईचं उत्तर – 'म्हणजे चहा पण जोडीने!'

बुधवार, १९ नोव्हेंबर

आईने आज अंगणवाडीतच सगळं भरलं, मदतनीस ताईचा मोबाईल भिंतीला टेकवून. एका मुलाचं वजन बाराच्या जागी एकवीस टाकलं! रस्त्यातून मला फोन – "एवढा गोळा कुणाच्या घरी जन्मला ते विचारू नको." मी सांगणार होते कसं दुरुस्त करायचं. तेवढ्यात ती म्हणाली, "झालं दुरुस्त. तुला नुसतं सांगितलं."

संध्याकाळी काही भरायचं नव्हतं. हातांना काय काम द्यावं तेच सुचेना. गवारीच्या शेंगा मोडल्या.

सोमवार, २४ नोव्हेंबर

उद्या मीटिंग. आईने इस्त्रीची साडी काढून ठेवलीय. सोडायचं की नाही, एक शब्द बोलत नाही. मी विचारत नाही. विचारलं तर माझ्यासाठी म्हणून 'राहते' म्हणेल, आणि तसं नको.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारपासून फाटकाशी चार चकरा. आई आली, पाय धुतले, पाणी प्यायली, पंख्याखाली बसली. मला राहवेना.

सांगितलंस मॅडमना?

"काय?"

सोडते म्हणून!

"अगं बाई! ते राहूनच गेलं." पदराने वारा घेत, छताकडे बघत. "किती गडबड तिथे! भिमाबाईंना खुर्ची पाहिजे, उज्वलाला माझ्याच शेजारी बसायचं. दोन मोबाईल घेऊन सगळ्यांना दाखवता दाखवता वेळ कधी गेला कळलं नाही."

मग माझ्याकडे बघून हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उड्या मारल्या. आवाज न करता. केला बहुतेक!

शनिवार, २९ नोव्हेंबर

बॅग भरली. पांढरे बूट, स्वेटर, कागद, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. पप्पा म्हणतात, "सुरगाण्याला झेरॉक्सचं दुकान आहे, बाळा." असू दे. भीती वाटतेय, आणि कधी एकदा जीपमध्ये बसते असंही झालंय.

रविवार, ३० नोव्हेंबर

जेवणानंतर आई मोबाईल घेऊन शेजारी बसली. मला वाटलं काही अडलं. म्हणाली, "पासवर्ड बदलते. जुना तुला माहीत आहे."

मी हो म्हटलं.

"रेकॉर्डिंग चालू नाही ना?"

नाही.

"मग तिकडे बघ."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे तिच्या बोटाची टकटक. मोजता आली असती. मोजली नाही.